तांडेलबाईंचा गाळ

तांडेलबाईंनी माझी मुलाखत घेतली ती एकाच प्रश्नाची. टेबलाखालच्या घमेल्यातून त्यांनी लिंबाएवढा ओल्या मातीचा गोळा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हात हलव." मी हलवला. "असा नाही. चाळणी हलवतात तसा, आडवा." चार-सहा हेलकाव्यांत त्या करड्या गोळ्यावर पाण्याची चकाकी आली. "आता मूठ मीट." मूठ मिटली तर चकाकी गेली, गोळा निस्तेज पडला आणि बोटांत त्याचे तुकडे झाले.

"पाणी कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

सिव्हिलची डिग्री घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते. पुस्तकात याचं उत्तर होतं, मी ते वाचलंही होतं, पण त्या क्षणी आठवेना. "मला माहीत नाही," मी म्हणाले. बाईंनी लॅबचे मालक प्रधानसाहेब यांच्याकडे पाहिलं. "हिला ठेवा. सकाळपासून चार जण येऊन गेले. माहीत नाही म्हणणारी ही पहिली."

ही गोष्ट शहाऐंशी सालची. ठाण्यात खोपटला एसटीचा डेपो आहे. त्याच्या मागच्या गल्लीत आमची माती तपासायची लॅब होती. इमारत बांधण्याआधी जमिनीत भोकं पाडून खालची माती काढतात आणि ती किती भार सोसेल हे आमच्यासारख्यांकडून लिहून घेतात. ठाणं, कल्याण, डोंबिवली तेव्हा फुगत चालली होती. खाडीलगतची भातखाचरं आणि मिठागरं मुरूम टाकून बुजवली जात होती आणि तिथल्या नमुन्यांच्या नळ्या रोज टेम्पोतून आमच्या दारात येऊन पडत. कागदोपत्री मी इंजिनिअर आणि बाई प्रयोगशाळा सहायक, कारण त्यांच्याकडे डिप्लोमा होता. प्रत्यक्षात लॅब त्यांची होती. प्रधानसाहेबसुद्धा आत येताना चपला बाहेर काढत.

बाई चेंदणी कोळीवाड्यातल्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या. अंबाड्यात अबोलीचा गजरा, मनगटावर पुरुषी घड्याळ, साडीचा पदर कमरेला गच्च खोचलेला. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. बोलणं शुद्ध, शाळेतल्या बाईंसारखं. पण राग आला किंवा माया दाटून आली की आतली कोळीवाड्याची बोली वर यायची. नळीतून माती बाहेर आली की त्या चिमूटभर दातांखाली धरायच्या. कचकच लागली तर रेती, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. आणि अगदी बारीक, पिठासारखी कुरकुर लागली, की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. तो गाळ.

"रेती उघड असते, चिकणमातीही उघड असते," त्या म्हणायच्या. "गाळ दिसायला चिकणमाती आणि वागायला रेती. माणसं फसतात ती अशालाच."

लहानपणी त्या ओहोटीला आईबरोबर खाडीच्या चिखलात निवट्या मासळी धरायला उतरत. आईने शिकवलेली पहिली गोष्ट त्यांनी मला त्याच शब्दांत सांगितली होती: "चिखलान पाय आपटू नको, बाय. आपटलास का तो पानी व्हतो." पुढे डिप्लोमाला गेल्यावर त्याचं कारण त्यांना कळलं. मातीचे कण एकमेकांवर टेकलेले असतात आणि मधल्या फटींत पाणी असतं. हादरे बसू लागले की कण आणखी जवळ सरकू बघतात, पण पाण्याला पळायला तेवढा वेळ मिळत नाही. मग कणांवरचा भार पाण्यावर येतो. "आणि पाणी कुणाचा भार घेतं?" बाई विचारायच्या. "घर असो, पूल असो, ते बाजूला होतं." मुलाखतीतल्या गोळ्यावर पाणी चकाकलं ते यामुळेच; मूठ मिटल्यावर कण फाकले आणि ते परत आत ओढलं गेलं.

त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टांत भूकंपाचा विचार रेतीपुरता व्हायचा. बारीक कण जास्त असले की माती सुरक्षित, असा एक सोपा नियम सगळे वापरत. बाईंना तो मान्य नव्हता. कण किती बारीक आहेत हे विचारू नका, ते एकमेकांना चिकटतात का ते विचारा, हे त्यांचं म्हणणं. ते तपासायचं तर मातीला लॅबमध्ये भूकंप दाखवायला हवा. तसं यंत्र घेणं आमच्या लॅबच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणून बाईंनी ते बनवलं. कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका भंगारवाल्याकडून जुनी मोटर, गिअरपेटी आणि कागदावर पेनने रेघ ओढणारा एक रेकॉर्डर आणला. जाड पारदर्शक नळकांड्यात पाणी भरायचं, त्यात रबरी पिशवीत घातलेला मातीचा दंडगोल उभा करायचा, बाहेरून दाब द्यायचा आणि मोटरने वरून दाबत-सोडत राहायचं. आतल्या पाण्याचा दाब पेन कागदावर काढत जाई. डेपोतून एसटी निघाली की जमीन थरथरायची आणि रेघ वेडीवाकडी व्हायची, म्हणून बाईंनी टेबलाच्या पायांखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा घातल्या होत्या. प्रधानसाहेब त्याला "बाईंचा पाळणा" म्हणत.

रबरी पिशव्यांचीही एक गोष्ट आहे. त्या बाहेरून मागवाव्या लागत, महिना महिना येत नसत, आणि एक फाटली की चाचणी वाया. एके दिवशी बाई मला म्हणाल्या, "चल." आम्ही सरकारी कुटुंबनियोजन केंद्रात गेलो. तिथल्या नर्ससमोर उभ्या राहून बाईंनी शांतपणे दोनशे नग मागितले. नर्सने आधी अंबाड्यातला गजरा पाहिला, मग मोकळा गळा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लाल त्रिकोण वाचत होते.

"दोनशे कशाला, बाई?"

"माती भरायला."

"नोंद काय करू?"

"तेच लिही. आणि पावडर लावलेले असतील तर नको, माती बिघडते."

रांगेतल्या बायका पदराआड हसत होत्या. बाई दोन खोकी बगलेत मारून ताठ मानेने बाहेर आल्या. रस्त्यात मी म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटलं नाही?" त्या म्हणाल्या, "वाटायचं काय त्यात? चाचणी अडली होती, आता अडणार नाही." एकावर एक असे दोन चढवले की आमच्या मापाच्या नमुन्याला ते बेतल्यासारखे बसत.

ब्याण्णव साली डोंबिवलीचं काम आलं. कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेला खाडीच्या अंगाला जमीन मिळाली होती. तिथे चार मजली निवासी शाळा बांधायची होती. वर मुरुमाचा भराव, त्याखाली काही मीटर करडा, सैल, पाण्याने गच्च भरलेला गाळ, त्याखाली खडक. संस्थेच्या सल्लागाराने आधीच ठरवलं होतं की भरावावर काँक्रीटचा एक सलग ओटा टाकायचा आणि त्यावर इमारत उभी करायची. आमच्याकडून फक्त होकार हवा होता.

बाईंनी तो गाळ हातात घेतला आणि काचेवर त्याची वळी करायला बसल्या. चिकणमातीची सुतळीएवढी वळी होते. याची होईना, तुटत होती. त्यांनी नमुना पाळण्यात चढवला. मी रेकॉर्डरपाशी बसले होते. पहिल्या काही हेलकाव्यांत काही झालं नाही. मग रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढू लागली, आणि विसाव्या-बाविसाव्या हेलकाव्याला तो ताठ उभा दंडगोल पिशवीतल्या पिशवीत बसला, पाणी जास्त झालेल्या कणकेसारखा. बाईंनी मोटर बंद केली. रेकॉर्डरचा कागद फाडून हातात घेतला. मग म्हणाल्या, "वर पोरं झोपणार आहेत."

एका चाचणीवर त्या थांबल्या नाहीत. पंधरा दिवसांत डझनभर केल्या. काही नमुने ओले ठोकून बनवले, काही पाण्यात सावकाश बसू दिले. नमुना कसा बनवला यावर उत्तर बदलत होतं. दोन नमुने तर शेवटपर्यंत तग धरून राहिले. ते दोन्ही त्यांनी रिपोर्टात घातले. मी म्हटलं, "बाई, हे घातले तर ते लोक यांनाच धरून बसतील."

"धरू देत. नमुना खोटं बोलत नाही, शैला. नमुना घेणारा बोलतो."

रिपोर्टात त्यांनी परिच्छेद लिहिला: ही माती भूकंपाच्या हादऱ्यांत भार सोडण्याची शक्यता आहे, इमारत खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर घ्यावी. प्रधानसाहेबांनी तो वाचला आणि आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. पण सल्लागाराकडून त्यांना वर्षभराची कामं मिळत.

"बाई, ही चाचणी त्यांनी मागितलेली नाही. नियमात नाही. मशीन घरी केलेलं. हा परिच्छेद काढू या."

"मशीन घरचं आहे, मान्य. म्हणून तर इतक्यांदा केलं. परिच्छेद राहील."

"त्या सल्लागाराकडे डिग्री आहे, परदेशातलं शिक्षण आहे."

"असू दे. माती कागद वाचत नाही, साहेब. त्यांचा नाही, माझाही नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग तुमच्या सहीची गरज नाही. तशीही रिपोर्टवर डिग्रीवाल्याची सही लागते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सही केली. परिच्छेद काढलेल्या रिपोर्टवर, दुसऱ्या दिवशी, बाई डबा खायला गेल्या असताना. मी नुकतीच कायम झाले होते, माझं लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, घरात नोकरी सोडायला लावू पाहणारी सासरची माणसं. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली. आज लिहिताना वाटत नाहीत.

रविवारी सकाळी बाई आमच्या कल्याणच्या घरी आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या. सासूबाईंनी पाणी दिलं, ते त्या उभ्यानेच प्यायल्या. मग पिशवीतून मेण लावून बंद केलेला नमुन्याचा डबा काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर, माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला.

"कार्बन कॉपी वाचली मी," त्या म्हणाल्या. "सही तुझी, तर माती पन तुझी. ठेव."

ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या जिना उतरून निघून गेल्या. सासूबाईंनी विचारलं, "कसली माती गं? कुंडीत घालायची का?" मी नको म्हटलं. चार दिवस तो डबा तिथे होता. मी त्याच्याकडे न बघता फोडणी करत होते.

पाचव्या दिवशी मी लॅबला न जाता डोंबिवलीला उतरले आणि त्या संस्थेची शाळा शोधत गेले. दोन भाड्याच्या खोल्यांत ती भरत होती. आत तीस-पस्तीस मुलं, दाटीवाटीने. शिक्षिकेला त्यांचं लक्ष वेधायचं होतं. तिने हाक मारली नाही. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर जोरात पाय आपटला. सगळी मुलं एकदम वळली. एक मुलगी चटईवर झोपली होती, तीही उठून बसली. मी दारातूनच परत फिरले. त्या संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की रिपोर्टवरची माझी सही मी मागे घेते, त्यातून एक परिच्छेद वगळलेला आहे, तो सोबत जोडला आहे.

दुसऱ्या दिवशी पत्राची प्रत मी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि परत दिली. "तारीख घालायची राहिलीय," एवढंच म्हणाल्या.

संस्थेने आम्हा दोघींना बैठकीला बोलावलं. अध्यक्ष होते बापट, निवृत्त हेडमास्तर. सल्लागार होते, प्रधानसाहेब होते. बाईंनी यंत्र नेलं नाही. एक प्लास्टिकची बादली नेली, त्याच जागेचा गाळ भरलेली, पाण्याने पूर्ण भिजवलेली. वरून ती घट्ट दिसत होती. त्यांनी तिच्यावर एक वीट उभी केली. वीट उभी राहिली. मग त्या बापटांना म्हणाल्या, "सर, तुम्ही बादलीला बाहेरून थापा मारा." हेडमास्तरांनी थापा मारल्या, वर्गात टेबलावर मारत असतील तशा. गाळावर पाणी चमकलं, वीट कलली आणि निम्मी आत गेली.

"बादलीवर इमारती बांधत नाहीत," सल्लागार म्हणाले.

"नाही बांधत. पण बादलीतली माती तिथलीच आहे. तुमच्या ओट्यासाठी मी दुसरी कुठून आणू?"

बापटांनी रुमालाने हात पुसले. "बाई, मला एक सांगा. भूकंप कधी होणार?"

"मला माहीत नाही."

"होईलच असं तरी?"

"तेही माहीत नाही. माहीत आहे म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. मी एवढंच सांगते, झाला तर ही माती उभी राहणार नाही, असं मला दिसलंय. दोन नमुने उभे राहिले, तेही कागदात आहेत. ते बघा आणि ठरवा. पोरं तुमची आहेत."

संस्थेने खांबांवर बांधायचं ठरवलं. खर्च वाढला म्हणून मजले दोनच केले आणि काम दोन वर्षांनी लांबलं. आम्हा दोघींना प्रधानसाहेबांनी त्याच महिन्यात निरोप दिला. पाळणा लॅबच्या मालकीचा, तो तिथेच राहिला. नंतर भंगारात गेला असं ऐकलं. आभार कोणी मानले नाहीत. उलट एका मुलाची आई बाईंच्या घरी कोळीवाड्यात येऊन बोलली. "माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला वसतिगृह मिळणार होतं. तुमच्या मातीपायी तो अजून रोज दोन तास प्रवास करतोय." बाईंनी तिला बसवलं, चहा दिला. "करतोय, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मला शिव्या दे. पण खांबांचं काम थांबवू नको." ती चहा न घेता गेली.

पुढच्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. पहाटे आपल्याकडेही भांडी हलली. सगळ्या राज्याला धास्ती बसली, आणि जे लोक बाईंना वेड्यात काढत होते तेच येऊन म्हणू लागले, "बाई, तुमचं खरं ठरलं." एका सभेत तर त्यांचा सत्कार ठेवला होता. बाई गेल्या, नारळ घेतला नाही. "तिथली माती वेगळी, तिथली घरं दगडांची," त्या उभं राहून म्हणाल्या. "माझ्या गाळाचा त्याच्याशी संबंध नाही. मेलेल्या माणसांवर माझा रिपोर्ट उभा करू नका." आयोजक अवघडले. आम्ही उठून आलो.

तोवर आम्ही दोघींनी कल्याणला एका गाळ्यात स्वतःची लॅब काढली होती. बाईंनी दुसरा पाळणा बनवला, पहिल्यापेक्षा चांगला. कामं कमी येत, पण जी येत ती अशांची, ज्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. मला तिथे पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढता आली. चुकलं की त्या म्हणायच्या, "परत लाव." बरोबर आलं तरी म्हणायच्या, "परत लाव."

अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी लपवलं नाही. त्यांनी घरी राहून जुन्या फायली मागवल्या आणि एकेक वाचायला घेतली. महिनाभराने मला बोलावणं आलं. खडवलीच्या एका पाण्याच्या टाकीची फाइल त्यांच्या मांडीवर होती. भातसा नदीच्या काठची ती जागा आम्ही लॅब काढली त्याच वर्षी तपासली होती आणि ठीक असल्याचं लिहून दिलं होतं.

"हे तीन नमुने पुरते भिजलेले नव्हते," बाई म्हणाल्या. "आत हवा राहिली होती. हवा असली की गाळ दांडगा वाटतो. आपण उगाच पास केला."

मी आकडे पाहिले. त्यांचं बरोबर होतं. "पण बाई, टाकी उभी राहून चार वर्षं झाली. आता कोण विचारणार आहे? लॅबचं नाव जाईल."

"नाव जाऊ दे," त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण बोली वर आली होती. "नाव माजं हाय. टाकी त्यांची हाय."

ग्रामपंचायतीला पत्र गेलं. पुन्हा चाचणी आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ, असं लिहिलं. बोअरिंगच्या दिवशी बाई हट्टाने खडवलीला आल्या. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या आणि नळी वर आली की तिच्यातली चिमूटभर माती दातांखाली धरत राहिल्या. सरपंच गोंधळून बघत होते. या वेळी नमुने दोन दिवस भिजवले. उत्तर आलं: जमीन आम्ही लिहिलं होतं तितकी मजबूत नव्हती, पण टाकीला पुरेशी होती. सरपंच फोनवर म्हणाले, "मग फरक काय पडला, बाई?"

"तुम्हाला नाही पडला," बाई म्हणाल्या. "मला पडला."

रिपोर्ट मी लिहिला आणि त्यांच्या उशाशी नेला. पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं की काही तांत्रिक मर्यादांमुळे आधीच्या निष्कर्षांचा फेरविचार करण्यात येत आहे. त्यांनी पेन मागितलं. ती ओळ त्यांनी सरळ रेघेने खोडली.

"मर्यादा म्हणजे काय गं? आमची चूक झाली, असं लिही."

"बाई, बरं दिसत नाही ते."

"चुकीला दुसरा शब्द शोधत बसू नकोस, शैला. वेळ जातो."

मी तसं लिहिलं. तो रिपोर्ट पोस्टात पडला त्याच आठवड्यात बाई गेल्या. खाडीला तेव्हा भरती होती, हे कोळीवाड्यातल्या बायकांनी सांगितलं म्हणून मला कळलं. पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीचं पोस्टकार्ड आलं, बाईंच्याच नावाने. दोन ओळींचं होतं. पत्र मिळाले. टाकी व्यवस्थित आहे, पाणी चालू आहे, कळावे.